स्टाफरूममधली शेजारीण

निपाणीच्या स्टँडवर सकाळी सव्वाआठच्या गाडीसाठी आम्ही दोघी रोज उभ्या असायचो. दोघींच्या खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी, काखेत तपासलेले पेपर. जायचं एकाच गावाला, उतरायचं एकाच कॉलेजच्या फाटकासमोर आणि बसायचं एकाच स्टाफरूममध्ये, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. तरीही, मधला कोरोनाचा काळ धरून, जवळजवळ चार वर्षं आम्ही एकमेकींशी कामाशिवाय एक अक्षर बोललो नाही. गाडी आली की त्या पुढच्या बाकावर बसायच्या, मी मागच्या. कंडक्टरनं एकदा मला विचारलंसुद्धा, "मॅडम, तुमी दोघी एकाच कॉलेजच्या न्हवं?" मी खिडकीतून बाहेर बघितलं.

त्यांचं नाव सांगत नाही. त्या कन्नड शिकवायच्या, मी मराठी शिकवते. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आणि तशी अंगयष्टीही भारदस्त. म्हणून आमचे शिपाईमामा त्यांना 'दोड्ड मॅडम' म्हणत. मीही इथं तेच नाव वापरते.

नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा शेजार येतोच. शाळा असो, बँक असो, तहसील कार्यालय असो, नाहीतर साखर कारखान्याचं ऑफिस असो. आमच्याच स्टाफरूममध्ये बघा. एक सर आहेत, कोणतंही काम सांगा, "होय की, करू या" म्हणतात आणि काम तिथंच राहतं. एका मॅडमना सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाऱ्हाणंच असतं. पंखा हळू फिरतो इथपासून पगाराच्या कपातीपर्यंत. एक जण इकडचं तिकडं करण्यात पटाईत. आणखी एक जण दुसऱ्यानं रात्र रात्र जागून केलेलं काम प्राचार्यांसमोर 'आम्ही केलं' म्हणून मांडतात. आपल्याकडं म्हणतातच, व्यक्ती तितक्या प्रकृती. घरात न जमणाऱ्या माणसाशी निदान आतड्याचा संबंध असतो. ऑफिसातल्या माणसाशी तसा काहीच नसतो, आणि जागेपणीचा निम्मा दिवस मात्र त्याच्याच शेजारी काढावा लागतो.

दोड्ड मॅडमचा प्रकार यांतला कुठलाच नव्हता. त्या कामचुकार नव्हत्या, खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांचा नियम म्हणजे नियम. हजेरीपटावर खाडाखोड दिसली की चारचौघांत बोट ठेवायच्या. मीटिंगमध्ये कुणी बोलत असताना मधेच थांबवून तारीख दुरुस्त करायच्या. काही खटकलं तर आपल्याशी न बोलता थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये जायच्या. माणूस बरोबर असतं, पण बरोबर असल्याचा असा काही धाक घालतं की आपण चुकीचे नसतानाही चुकल्यासारखे वावरतो. अशा माणसाबरोबर काम करणं फार जड जातं.

आमचं फाटलं ते २०१९ च्या परीक्षेत. त्या दिवशी मला सुपरव्हिजन होतं. वाटेत गाडी बंद पडली आणि मी बारा मिनिटं उशिरा पोचले. परीक्षा केंद्राची ज्येष्ठ जबाबदारी त्यांच्याकडं होती. माझा वर्ग त्यांनी दुसऱ्याला दिला होता. मी धापा टाकत दारात उभी राहिले, तर त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि रजिस्टरमध्ये लाल शाईनं वेळ लिहिली. मी म्हटलं, "मॅडम, गाडी बंद पडली हो." त्या म्हणाल्या, "गाडी रजिस्टरमध्ये लिहायला जागा नाही." दोन दिवसांनी माझ्या हातात मेमो पडला. अकरा वर्षांच्या नोकरीतला पहिला.

ते वाक्य मला फार लागलं. मेमोपेक्षा जास्त. त्या दिवसापासून मी बोलणं बंद केलं. त्यांनीही केलं. कामाचा निरोप असला तर शिपाईमामांकडून. "मराठी मॅडमना सांगा, चावी कपाटात आहे." "दोड्ड मॅडमना सांगा, चावी मिळाली." आणि हे सगळं चार फुटांवरून! मामा बिचारे एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत आणि "आय्तु, आय्तु" म्हणत निघून जात.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. इतर ठिकाणी दोन माणसांचं भांडण हे दोन माणसांचं असतं. आपल्याकडं ते फार दिवस दोघांचं राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून आपल्या प्रत्येक भांडणाच्या मागं एक मोठं भांडण उभं असतं. घरी मी मेमोची गोष्ट सांगितली तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "त्यांना आपली मराठी बघवत नाही, दुसरं काय?" स्टाफरूममधले आमच्या बाजूचे दोघं-तिघं म्हणाले, "तुमच्या जागी कन्नड माणूस असता तर लिहिलं असतं का?" तिकडच्या बाजूलाही असंच काहीतरी बोललं जात असणार. गंमत अशी की आमच्या सासूबाईंचं स्वतःचं माहेर कन्नड. त्यांच्या थोरल्या बहिणीशी अजून फोनवर कन्नडात बोलतात. पण तेवढ्यापुरतं ते त्यांच्याही लक्षात आलं नाही.

आणि खरं सांगते, मला ते बोलणं बरं वाटलं. 'मला एका बाईनं उशिराबद्दल टोकलं' यापेक्षा 'माझ्यावर मराठी म्हणून अन्याय झाला' हे किती मोठं वाटतं! लहान दुखण्याला मोठं नाव मिळालं की दुखणं मिरवता येतं. मी ते मिरवलं. दोड्ड मॅडम एका मराठी सरांनाही असंच टोकतात, कन्नड विभागातल्या पोरसवदा लेक्चररला तर त्यांनी मीटिंगमध्ये रडवलं होतं, हे मला माहीत होतं. पण ते मी हिशेबात धरलं नाही.

या सगळ्यावर कडी झाली ती नॅकच्या वेळी. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ साली स्थापन झाली, तिचं मुख्यालय बेंगळुरूला आहे. ज्यांच्या घरी कुणी कॉलेजात नोकरीला आहे त्यांना या दोन अक्षरांची दहशत माहीत असेल. तेव्हा अहवालात सात निकष असत आणि शेवटच्या निकषात कॉलेजनं आपल्या दोन 'उत्तम प्रथा' लिहायच्या असत. प्राचार्यांनी एक प्रथा सुचवली: मराठी आणि कन्नड विभागांचं संयुक्त भित्तिपत्रक आणि त्यातून जोपासलेलं भाषिक सौहार्द. लिहायचं कुणी? अर्थातच दोघींनी. मी माझा अर्धा भाग टाइप करून मामांच्या हाती पाठवला, त्यांनी त्यांचा अर्धा माझ्याकडं पाठवला. 'दोन्ही विभागांमध्ये सुसंवादाचे वातावरण आहे' हे वाक्य माझं होतं. त्या वाक्यातली इंग्रजी स्पेलिंगची चूक त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवली. अशा रीतीनं आमचा सुसंवाद फायलीत गेला. भित्तिपत्रकाच्या फळीवर मात्र दोन वर्षांपूर्वीचा अंक पिवळा पडत होता.

इथपर्यंत ही दोन प्रौढ बायकांच्या रुसव्याची गोष्ट होती. कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. पण पुढं जे झालं त्यावर मला हसता येत नाही.

डिसेंबर २०२२ आठवत असेल तुम्हाला. सीमेवरचं वातावरण तापलं होतं, गाड्यांवर दगडफेक झाली होती, महाराष्ट्राच्या एसट्या काही दिवस इकडं येत नव्हत्या. कॉलेजचंही वेळापत्रक विस्कटलं. राहिलेल्या अंतर्गत चाचण्या उरकायच्या म्हणून मी नोटीस लावली: गुरुवारी अकरा वाजता, मराठी. दोड्ड मॅडमनीही नोटीस लावली: गुरुवारी अकरा वाजता, कन्नड. एरवी असे दोन विभाग एकमेकांना विचारतात. आमच्यात विचारायचं कुणी?

दोन्ही विषय घेतलेली आमच्याकडं एकच मुलगी होती, दुसऱ्या वर्षाची. आई विड्या वळते, वडील नाहीत. घरी मराठी, शाळा कन्नड, अशी आपल्याकडची नेहमीची मुलगी. त्या गुरुवारी ती कन्नडच्या चाचणीला बसली. मी माझ्या यादीत तिच्या नावापुढं 'गैरहजर' लिहिलं. का आली नाही, हे विचारायचंही माझ्या मनात आलं नाही. तेव्हाच्या रचनेत शंभरातले ४० गुण अंतर्गत असत. फेब्रुवारीत ते पोर्टलवर भरले आणि भरून बंदही झाले. मग एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिची शिष्यवृत्ती टक्केवारीवर अवलंबून होती.

मी रागावले. "अगं, तेव्हाच सांगायचंस! मी दुसऱ्या दिवशी तुझी चाचणी घेतली असती."

ती बराच वेळ पर्सचा बंद पिळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हा दोघींतलं मी कुणाला विचारणार होते? तुमच्याकडं आले असते तर त्या मॅडमना राग आला असता. त्यांच्याकडं गेले असते तर तुम्हाला. वर्गात सगळ्यांना माहीत आहे, तुमचं पटत नाही."

सगळ्यांना माहीत आहे! आम्हाला वाटत होतं, आमचं भांडण आमच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये आहे. ते वर्गापर्यंत गेलं होतं. आम्ही बोलत नव्हतो, आणि त्याची किंमत एक एकोणीस वर्षांची मुलगी भरत होती.

गुण दुरुस्त करायचे तर विद्यापीठाला पत्र पाठवावं लागणार होतं, आणि त्यावर दोन्ही विभागांच्या सह्या हव्या होत्या: एकाच वेळी दोन चाचण्या लागल्या, विद्यार्थिनीची चूक नाही. म्हणजे दोड्ड मॅडमच्या टेबलाशी जाणं आलं. चार फुटांचं अंतर, पण पाय उचलेनात. काय म्हणतील? सगळ्यांसमोर काय बोलतील? रात्री मी मनातल्या मनात पाच-सहा भाषणं तयार केली. प्रत्येकाची सुरुवात 'तुम्ही नेहमी' अशी होती. 'तुम्ही नेहमी न विचारता नोटीस लावता.' 'तुम्ही नेहमी स्वतःचंच खरं करता.' सकाळी चहा करताना वाटलं, असं कुणी माझ्याशी बोललं तर मी सही करीन का? सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. या वेळी त्या मराठी-कन्नड काही बोलल्या नाहीत. त्यांच्या आईची एक म्हण तेवढी म्हणाल्या: ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल. तुम्हाला अर्थ सांगायला नकोच, पण मुलांसाठी सांगते: जेवायचं कसं ते ज्याला कळतं त्याला रोग नाही, बोलायचं कसं ते ज्याला कळतं त्याला भांडण नाही.

मी सगळी भाषणं टाकून दिली आणि चारच वाक्यं ठरवली. दुसऱ्या तासानंतर स्टाफरूम जरा रिकामी होती. मी खुर्ची वळवली आणि कन्नडात म्हटलं, "मॅडम, डिसेंबरात गुरुवारी अकराला आपल्या दोघींच्या चाचण्या लागल्या. एका मुलीचे गुण गेले. तिची चूक नाही, आपली आहे. या पत्रावर आपल्या दोघींच्या सह्या लागतील."

त्यांनी चष्मा लावला. पत्र वाचलं. मला वाटलं होतं, आता विरघळतील, किंवा निदान जरा मऊ होतील. सिनेमात तसं होतं. त्या म्हणाल्या, "नोटीस लावण्याआधी विचारायची पद्धत असते." मी म्हटलं, "हौद्री, असते. मी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाही." त्या गप्प राहिल्या. मग लाल पेन काढून माझ्या कन्नड पत्रातल्या तीन चुका दुरुस्त केल्या, म्हणाल्या, "परत टाइप करून आणा. चुकीच्या पत्रावर मी सही करत नाही."

मी परत टाइप करून आणलं. त्यांनी सही केली. एवढंच नाही, तर स्वतः उठून प्राचार्यांकडं गेल्या आणि त्याच दिवशी पत्र बाहेर पाडलं. ज्या सवयीचा मला इतकी वर्षं राग होता, थेट केबिनमध्ये घुसायची, तीच त्या दिवशी कामाला आली. मुलीचे गुण दुरुस्त होऊन आले.

त्यानंतर स्टँडवर आम्ही "ऊट आतेन्री?" एवढं बोलू लागलो. पुढं त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकात 'शक्ती' योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि आमच्या गाडीला अशी गर्दी होऊ लागली की मिळेल त्या जागेवर बसावं लागे. तुझी पुढची बाक, माझी मागची, ही चैन संपली. एकदा दोघींना एकच बाक मिळाला. हातात शून्य रकमेची तिकिटं, आणि तासाभराचा रस्ता.

मीच विषय काढला. म्हटलं, "मॅडम, त्या मेमोचं मला फार वाईट वाटलं होतं." त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. पण त्या दिवशी भरारी पथक येणार असल्याचा निरोप होता. त्याच्या आधीच्या वर्षी एकाचा उशीर मी लिहिला नाही म्हणून मेमो मला आला होता. ते तुम्हाला कुठं ठाऊक?" खरंच ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मग थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक मेमो मिळाला. मला तुमच्या स्टाफरूममध्ये अकरा वर्षं रोज मिळत होता."

मला कळेना. त्यांनी सांगितलं. २०११ साली त्या संस्थेच्या विजापूरकडच्या कॉलेजातून बदलून आल्या. इथं बहुतेक स्टाफ मराठी. त्या आत आल्या की आमच्या गप्पा चालू असत, हसणं चालू असे. मराठी त्यांना पुरतं येत नव्हतं. कुणी कन्नडात सांगत नव्हतं की कशावर हसतोय. "आणि तुम्ही मामांना चहा सांगायच्या. 'मामा, आठ कप.' आम्ही नऊ जण होतो."

मी काही बोलू शकले नाही. आठवून बघितलं. होय, मीच सांगत असे चहा. आठ कप. त्या चहा घेत नाहीत अशी माझी समजूत होती. ती कुठून झाली, मला अजून आठवत नाही. पहिल्या आठवड्यात कधीतरी त्या 'नको' म्हणाल्या असतील. त्यावरून मी अकरा वर्षांचा हिशेब लावून टाकला. माझ्या लेखी त्या माणूसघाण्या, त्यांच्या लेखी मी गर्विष्ठ. स्टाफरूममधलं 'अवघड माणूस' कोण, असं तेव्हा त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं असतं, आणि पुराव्याला चहाचे कप दाखवले असते.

आमच्याकडं मानसशास्त्र शिकवणारे एक सर आहेत. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, याला आमच्या शास्त्रात नाव आहे. १९७७ साली ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ते दिलं. मोठं नाव सोडून द्या, अर्थ सोपा आहे. मी उशिरा आले तर गाडी बंद पडली म्हणून. दुसरा उशिरा आला तर बेशिस्त म्हणून. स्वतःच्या वागण्यामागची परिस्थिती आपल्याला दिसते, दुसऱ्याच्या वागण्यामागं आपल्याला त्याचा स्वभावच दिसतो. आपल्या भागात आणखी एक पायरी आहे, असं मी सरांना म्हटलं. स्वभावाच्या मागं आपण त्याची भाषा, त्याची जात, त्याचं गावसुद्धा बघतो. 'ती बाई तशी' वरून 'ती माणसंच तशी' इथपर्यंत यायला आपल्याला एक चहाचा कप पुरतो.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन या दोघांनी १९७४ साली भांडणात माणसं कशी वागतात याचे पाच प्रकार मांडले: अडून बसणं, नमतं घेणं, टाळणं, अर्ध्यावर तडजोड करणं आणि दोघांनी मिळून मार्ग काढणं. यांतला कुठलाही प्रकार सदासर्वदा वाईट नाही. बाजारात अनोळखी माणसानं शब्द टाकला तर टाळणंच शहाणपणाचं. पण ज्याच्या शेजारी रोज सहा तास बसायचं आहे त्याला चार वर्षं टाळणं म्हणजे घरातल्या गळक्या छपराकडं न बघणं. पाणी कुठं तरी झिरपतंच. आमचं झिरपलं ते त्या मुलीच्या गुणपत्रिकेवर.

आता हे वाचून कुणी असं समजू नये की दोड्ड मॅडम बदलल्या. मुळीच नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी माझ्या हजेरीपटावर बोट ठेवलं. मीटिंगमध्ये तारखा दुरुस्त केल्या. मलाही त्यांचा राग यायचा, अगदी डोक्यात जायचा. बदललं ते एवढंच की काही गोष्टी आम्ही ठरवून टाकल्या. चाचण्यांच्या तारखा आधी भिंतीवरच्या एकाच कॅलेंडरवर लिहायच्या, मग नोटीस. खटकलं तर त्याच दिवशी, दोघीच असताना सांगायचं. निरोप मामांकडून पाठवायचा नाही. आणि माझ्यापुरतं मी आणखी एक ठरवलं: त्यांच्याबद्दल घरी सांगताना काय घडलं तेवढंच सांगायचं, त्या 'कशा आहेत' हे सांगायचं नाही. हे शेवटचं सर्वांत कठीण गेलं. पण त्याचा उपयोगही सर्वांत जास्त झाला. गोष्ट घडली तेवढीच सांगितली की ती लहान असते, आणि लहान गोष्टीवर उपाय असतो.

पिवळ्या भित्तिपत्रकाच्या जागी त्या पावसाळ्यात खरोखरीचा अंक लागला. विषय त्यांनी सुचवला: द. रा. बेंद्रे. धारवाडला जन्मलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाला कन्नड कवितेसाठी १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं, 'नाकु तंती' या संग्रहाला. आपल्याकडच्या मुलांना यातला अर्धा भाग इकडून माहीत असतो, अर्धा तिकडून. अंक लावताना दोड्ड मॅडमनी मुलांची कन्नड अक्षरं तपासली, मी मराठी. भांडलोही, शीर्षक कुठल्या भाषेत वर लिहायचं यावर! शेवटी दोन्ही शेजारी शेजारी लिहिली. नॅकच्या फायलीतलं माझं ते वाक्य तेव्हा कुठं थोडंफार खरं झालं.

इथं एक इशारा द्यायला हवा. समजुतीनं घ्या, समोरच्याची परिस्थिती बघा, हा सल्ला मी माझ्या बरोबरीच्या माणसाबद्दल देते आहे. दोघींची नोकरी पक्की, दोघींचा पगार ठरलेला, म्हणून आम्हाला रुसायचीही चैन होती आणि समजून घ्यायचीही. तासाच्या हिशेबावर काम करणाऱ्या गेस्ट लेक्चररला वरिष्ठ छळत असेल, तर त्याला 'जरा समजून घ्या' म्हणणं हा अन्याय आहे. बाईमाणसाला नको त्या नजरेचा, नको त्या बोलण्याचा त्रास असेल तर तो 'स्वभाव' नव्हे. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तिथं म्हणी उपयोगाच्या नाहीत, कागद उपयोगाचा. तिरसट माणूस वेगळं आणि त्रास देणारं माणूस वेगळं. पहिल्याशी बोलावं, दुसऱ्याची तक्रार करावी. या दोघांत गल्लत केली तर दोन्हीकडं नुकसान.

२०२४ च्या मे अखेरीस दोड्ड मॅडम साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात माझ्यावर बोलायची वेळ आली. मी कन्नडात बोलले. खाली बसल्यावर त्या माझ्याकडं झुकल्या आणि म्हणाल्या, "दोनच चुका." मग थोड्या वेळानं मराठीत, "बरं बोललात." आता त्या मुलाकडं हुबळीला असतात. अधूनमधून फोन येतो. मी त्यांना आता अक्का म्हणते. त्या मला अजून 'मराठी मॅडम'च म्हणतात.

त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण लेक्चरर आला आहे. मोबाईलवर मोठ्यानं बोलतो, खडू आणून परत ठेवत नाही, मीटिंगला पाच मिनिटं उशिरा येतो आणि सॉरी म्हणत नाही. परवा माझ्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं, "ही आजकालची मुलं..." तेवढ्यात मामा दारात येऊन उभे राहिले. "मॅडम, चहा किती?"

मी खुर्च्यांकडं बघत एकेक मोजलं. तो फोनवरच होता. मी खुणेनं विचारलं, चहा? त्यानं मान हलवली, होय.

"मामा," मी म्हटलं, "नऊ."